कागदावर 'गहाळ' लिहिलंय की 'चोरी'?

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीतल्या काकी दुकानात आल्या, छत्री बंद करायच्या आधीच हातातला कागद काऊंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, एफआयआरच्या दोन झेरॉक्स काढ गं, इन्शुरन्सवाल्याला द्यायच्यात." मध्य मुंबईत एका पोलीस स्टेशनच्या समोर बाबांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, संध्याकाळी मी बसते तिथे, लॉचं शेवटचं वर्ष चालू आहे माझं. कागद मशीनवर ठेवताना सवयीने वाचला तर ती एफआयआर नव्हतीच. वर शिक्का होता, तारीख होती, खाली सही होती आणि मधे एक ओळ, "अर्जदार यांचा मोबाईल प्रवासादरम्यान गहाळ झाला आहे."

गहाळ. आता काकींनी मला जे सांगितलं ते असं होतं की दादरला लोकलमधे चढताना मागून धक्का आला, हात पर्सवर गेला तर चेन उघडी, वळून बघितलं तर एक हिरव्या टीशर्टमधला पोरगा गर्दी कापत जिन्याकडे पळत होता. हे गहाळ कसं होईल? ही चोरी आहे. आणि या दोन शब्दांमधे एवढा फरक आहे की त्याच्यावरच पुढचं सगळं ठरतं, कोणी शोधणार की नाही, कोणाला पकडणार की नाही, कोर्ट नावाची गोष्ट तुमच्या आयुष्यात येणार की नाही. गहाळ झालेल्या वस्तूमागे गुन्हाच नसतो, मग पोलिसांनी तपास कसला करायचा? त्या कागदावर नवीन सिम मिळतं, बाकी काही नाही.

दुकानात रोज कोणीतरी असा कागद घेऊन येतं आणि मला दरवेळी वाईट वाटतं, कारण माणूस शिकलेला असो नसो, या व्यवस्थेचे चार शब्द आपल्याला कोणी शाळेत शिकवत नाही. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय, जसं काऊंटरवर समजावते तसंच.

पोलीस स्टेशनात तुमच्या तक्रारीची तीन रूपं होऊ शकतात. एक ही गहाळची नोंद. दुसरी एनसी. तिसरी एफआयआर, ज्याला मुंबईत सगळे "सीआर नंबर पडला का?" असं विचारतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शेजाऱ्याने शिवी दिली, एक थोबाडीत मारली, अशा गोष्टी बहुतेक एनसीत जातात. यात पोलीस नोंद करतात पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय कोणाला अटक करू शकत नाहीत. त्यामुळे "एनसी केली तरी पोलिसांनी त्याला उचललं नाही" ही तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा मला सांगावं लागतं की त्यांना तो अधिकारच नाही. दखलपात्र म्हणजे चोरी, जबरी चोरी, खून, बलात्कार, पैसे किंवा वस्तू लुबाडणारी फसवणूक असे गुन्हे, त्यात पोलीस कोणाची परवानगी न घेता तपास सुरू करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मधे ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते. नवीन कायद्यात, तो कुठला ते पुढे सांगते, एवढीच मोकळीक आहे की तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते.

चोरीत एक गंमत कायद्याने नवीन आणलीय जी बऱ्याच जणांना माहीत नाही. वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी आता अदखलपात्र आहे. काकींचा फोन मुलाने दिवाळीला घेऊन दिलेला, १६ हजारांचा, बिल घरात होतं. म्हणजे सरळसरळ दखलपात्र. मी म्हटलं काकी, बिल घ्या आणि परत चला.

त्या म्हणाल्या, "अगं पण ते म्हणाले रेल्वेत झालं, आमची हद्द नाही, रेल्वे पोलिसांकडे जा." हेही रोजचं आहे. स्टेशन आणि लोकलमधले गुन्हे जीआरपीकडे जातात, म्हणजे रेल्वे पोलिसांकडे, ते राज्याचे पोलीस आहेत, आरपीएफ वेगळी, ती रेल्वेची. पण हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. त्यासाठीच झिरो एफआयआर असते, कुठल्याही पोलीस स्टेशनने ती शून्य नंबरने लिहून घ्यायची आणि मग ज्याची हद्द आहे तिकडे पाठवायची. हे आधीही चालायचं, आता कायद्यातच लिहिलंय. ईमेलनेही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, लगेच. फुकट हा शब्द लक्षात ठेवा. घेतच नसतील तर वरिष्ठांना लेखी पाठवायचं, मुंबईत म्हणजे डीसीपींना, पोलीस उपायुक्तांना, त्यानेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

कायदा कुठला ते इथेच सांगून टाकते कारण लोक अजून ४२० आणि ३०२ च बोलतात. १ जुलै २०२४ पासून १८६० चा भारतीय दंड विधान गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मधे आहे, फसवणूक ३१८ मधे, चोरी ३०३, आणि हिसकावून नेणं, चेन स्नॅचिंग, त्याला ३०४ हे स्वतंत्र कलम पहिल्यांदाच मिळालंय. पण गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर जुनीच कलमं लागतात, त्यामुळे कोर्टात पुढची कित्येक वर्षं दोन्ही पुस्तकं उघडी राहणार.

पेपरात ज्याला सर्रास दरोडा म्हणतात तो बऱ्याचदा दरोडा नसतोच. नकळत काढून नेलं ती चोरी, घरात घुसून नेलं ती घरफोडी, मारून किंवा धाक दाखवून नेलं ती जबरी चोरी, आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून तीच जबरी चोरी केली तर दरोडा. चार जण असतील तर नाही. माणसं मोजून कलम बदलतं आणि शिक्षाही.

आता मुळातला प्रश्न, गुन्हा म्हणजे काय. कोणाचं नुकसान झालं की गुन्हा झाला असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. मुंबईतलं सगळ्यात नेहमीचं उदाहरण घ्या, हेवी डिपॉझिट. घरमालकाने पाच लाख घेतले, करार संपला, पैसे देत नाही, आज देतो उद्या देतो. भाडेकरू रागाने येतो, म्हणतो ४२० लावायचाय. पण पैसे घेताना त्याची नियत ठीक होती आणि नंतर त्याच्याकडे पैसेच उरले नाहीत तर तो दिवाणी वाद आहे, वसुलीचा दावा लावा. याउलट तीच एक खोली त्याने तीन जणांना दाखवून तिघांकडून डिपॉझिट घेतलं असेल तर पैसे घेतानाच त्याच्या मनात खोट होती, ती फसवणूक, तो गुन्हा. नुकसान दोन्हीकडे तेवढंच. फरक मनात काय होतं याचा. फौजदारी कायदा हातांबरोबर मनही तपासतो, आणि मनातलं कोर्टात सिद्ध करणं हेच सगळ्यात कठीण काम आहे.

याच मुंबईत यावर देशातला बहुतेक सगळ्यात गाजलेला खटला झाला. २७ एप्रिल १९५९ ला नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. गोळी कोणाच्या पिस्तुलातली यावर वाद नव्हताच. वाद होता तो मनाचा, रागाच्या भरात तोल गेला की थंड डोक्याने केलं. तेव्हा ज्युरी असायची, म्हणजे निकाल देणारी सामान्य नागरिकांची समिती, ज्युरीने ८ विरुद्ध १ ने त्यांना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे खून सिद्ध होऊन जन्मठेप झाली, १९६१ मधे सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. कारण साधं होतं, बायकोने कबुली दिल्यावर ते आधी कुटुंबाला सिनेमाला सोडून आले, मग जहाजावर जाऊन पिस्तूल घेतलं, मग आहुजाच्या घरी गेले. मधे जे तास गेले त्यात राग निवायला वेळ होता, असं कोर्ट म्हणालं. पुढे १९६४ मधे राज्यपालांनी त्यांना माफी दिली तो भाग वेगळा. आपल्याकडे आता ज्युरी नाही, पण खून की सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा सौम्य गुन्हा, हा प्रश्न आजही सेशन्स कोर्टात असाच मिनिटं मोजून सोडवला जातो.

आणखी एक, खटल्याच्या नावात "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक" असं का असतं, काकींनी मला हेच विचारलं, "फोन माझा, मग शासन कुठून आलं मधे?" कारण गुन्हा एकट्या काकींविरुद्ध मानत नाहीत, तो सगळ्यांविरुद्ध मानतात, म्हणून खटला सरकार चालवतं, वकील सरकारी असतो, तुम्हाला वकिलाचा खर्च नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की "मी केस मागे घेते" असं म्हणून प्रत्येक केस मागे घेता येत नाही. साधी दुखापत, बदनामी असे काही गुन्हे तडजोडपात्र आहेत, खून बलात्कार नाहीत. तुम्ही फिर्यादी असता, म्हणजे खरं तर साक्षीदार.

बरं, अटक. अटक झाली म्हणजे गुन्हेगार ठरला असं नाही, टीव्हीवर काळा बुरखा घालून नेताना दाखवतात त्याने आपल्या सगळ्यांची डोकी फिरलीत. तो आरोपी असतो, बस. अटक का केली हे त्याला सांगावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, हे राज्यघटनेच्या कलम २२ मधेच आहे, आणि नातेवाईकालाही कळवावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. कोर्टात मग तुम्हाला दोन शब्द ऐकू येतील, पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, आरोपी पोलिसांच्या ताब्यात, चौकशीसाठी, एकूण १५ दिवसांपर्यंत. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे आर्थर रोड, तळोजा, बायका असतील तर भायखळा. बाहेर आई रडत उभी असते आणि वकील म्हणतो, "एमसीआर झाला, चांगलं झालं," तिला कळतच नाही तुरुंगात गेला यात चांगलं काय. चांगलं हे की आता पोलिसांच्या ताब्यातून सुटला आणि जामिनाचा अर्ज जोर धरतो.

जामीन म्हणजे निर्दोष नाही. तारखेला येईन, पळणार नाही, साक्षीदाराला धमकावणार नाही, एवढ्या वचनावर बाहेर राहणं. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क आहे, अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्टाच्या मनावर. आणि पोलिसांनी ठराविक मुदतीत चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, टाकली नाही, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी ६०, तर जामीन मिळण्याचा हक्कच तयार होतो. पण कागदावर जामीन मिळाला तरी जामीनदार कुठून आणायचा? बिहारमधून आलेला, फूटपाथवर झोपणारा पोरगा, त्याला मुंबईत रेशनकार्डवाला माणूस कोण उभा राहणार? वकील म्हणतात तात्पुरती कॅश बेल भरा, पंधरा हजार, तेही नसतात. असे कच्चे कैदी आपल्या तुरुंगांत खूप आहेत, गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच शिक्षा भोगणारे, आणि मला हे या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं दुखणं वाटतं. नवीन कायदा म्हणतो की आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडावं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेले सोडून. त्याच्या वतीने बोलायला फुकट वकीलही मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून, १५१०० या नंबरवर.

तपास संपला की एक तर चार्जशीट, नाहीतर समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी म्हणजे तक्रारच खोटी, सी म्हणजे ना खरं ना खोटं, गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी. मोबाईलच्या बहुतेक केसेस ए समरीत संपतात. त्यावर तुम्हाला कोर्टात हरकत घेता येते.

आणि मग खटला, आणि इथे मला बाबांची गोष्ट सांगायचीय. २०१७ ची. एक दिवस दुपारी समोरून हवालदार आले, "काका, पाच मिनिटं या, पंच म्हणून सही लागते." पंच म्हणजे जप्ती होताना समोर हजर असलेला तटस्थ माणूस. आत टेबलवर एक बॅग होती, त्यातून चोरीचे अकरा मोबाईल निघाले, एकेकाचं नाव, रंग, आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर, लिहिला, पाकिटात घातले, लाखेचं सील लावलं, लेबलवर बाबांनी सही केली आणि दुकानात येऊन परत कामाला लागले. २०२४ मधे समन्स आलं. सात वर्षांनी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, दोनदा तारीख पडून परत आले, तिसऱ्यांदा पिंजऱ्यात उभे राहिले. आरोपीच्या वकिलांनी विचारलं बॅग कुठल्या रंगाची. बाबा म्हणाले काळी. पंचनाम्यात लिहिलं होतं गडद निळी. मग विचारलं तुमचं दुकान कुठे आहे, पोलीस स्टेशनच्या समोर ना, पोलिसांची झेरॉक्सची कामं रोज तुमच्याकडे येतात ना, याआधी किती वेळा पंच झालात? चार वेळा. म्हणजे तुम्ही सराईत पंच. आरोपी सुटला. बाबा घरी येऊन जेवले नाहीत, रात्री म्हणाले, "माझ्यामुळे सुटला का गं तो?"

मी त्यांना तेव्हा जे सांगितलं ते मनापासून सांगितलं. वकिलांनी विचारलं ते बरोबरच विचारलं. कारण त्या दिवशी ती बॅग खरंच त्या पोराकडून आली की आधीच टेबलवर ठेवली होती हे बाबांनी पाहिलेलं नव्हतं, बाबा आत गेले तेव्हा बॅग टेबलवरच होती. फौजदारी खटल्यात सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते, तीही वाजवी संशयाला जागा राहणार नाही इतकी. आरोपीने काही सिद्ध करायचं नसतं, तो गप्प बसला तरी चालतं. पोलिसांसमोर दिलेली कबुली तर पुरावा म्हणून चालतच नाही, संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोकासारख्या कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यासमोरची कबुली हा अपवाद. आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं केलंय, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या लोकांनी जागेवर यायचं आहे. बाबांच्या वेळी व्हिडिओ असता तर बॅगेचा रंग त्यांच्या आठवणीवर लटकला नसता.

अकरा मोबाईल सोडा, हीच गोष्ट या शहराच्या सगळ्यात मोठ्या जखमेच्या बाबतीत झाली. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमधे सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मधे विशेष कोर्टाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं, कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत, ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच नव्हता, जप्त केलेल्या वस्तूंचं सील नीट नव्हतं. सील. तेच, लाखेचं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलंय, या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही असं त्यांनी म्हटलंय. पण १९ वर्षांनंतर ज्यांची माणसं गेली त्यांच्याकडे उत्तर नाही आणि जे आत होते त्यांची वर्षं परत येणार नाहीत. दुसरीकडे २६/११ चा कसाब, हातात बंदूक घेतलेला फोटो सगळ्या जगाने पाहिलेला, त्यालाही सरकारने वकील दिला, साक्षीपुरावे झाले, त्याला फाशी झाली, आणि त्याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींना त्याच कोर्टाने पुराव्याअभावी सोडलं. लोक चिडले होते तेव्हा, वकील कशाला द्यायचा म्हणून. मला वाटतं त्यामुळेच ती शिक्षा वरच्या दोन्ही कोर्टांत टिकली.

काकींचं काय झालं ते राहिलंच. त्या दुसऱ्या दिवशी बिल घेऊन रेल्वे पोलिसांकडे गेल्या, मी बरोबर गेले, ठाणे अंमलदारांनी आधी "गहाळचं आहे ना तुमच्याकडे" असं म्हटलं, मग काकींनी हिरवा टीशर्ट, जिना, वेळ ७ वाजून १० मिनिटं असं सगळं सांगितल्यावर टायपिंग सुरू केलं. सही करायच्या आधी काकींनी चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला, एका ठिकाणी "पडला" लिहिलं होतं ते खोडून "चोरून नेला" करून घेतलं. आयएमईआय ब्लॉक करायला सीईआयआरवर, हरवलेल्या-चोरीच्या फोनसाठीच्या सरकारी पोर्टलवर, नोंद केली त्यात एफआयआर नंबर टाकला. अडीच महिन्यांनी फोन सापडला, दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात, त्याने तो सेकंडहँड विकत घेतला होता. तिथून उलटं जात पोलीस त्या पोरापर्यंत पोचले. एकोणीस वर्षांचा आहे. टीशर्ट या वेळी हिरवा नव्हता, त्यामुळे काकी म्हणाल्या चेहरा मी नीट पाहिलेला नाही, खोटं कशाला सांगू, आणि जबाबात तसंच लिहून दिलं.

फोन मुद्देमाल म्हणून जमा होता. कोर्टात अर्ज करून तो काकींना परत मिळाला, बाँडवर, केस संपेपर्यंत विकायचा नाही, मागितला की हजर करायचा. पोरगा सध्या जामिनावर आहे. काकी फोन वापरतात, रोज सकाळी अभंग लावतात त्याच्यावर, आणि कॅलेंडरवर पुढची तारीख लाल पेनाने गोल करून ठेवलीय.